उपाशी पायांचा उतार

"कोटाला बंद नाही," मी म्हटलं आणि झोयाचा कोट कठड्यावरून परत तिच्याकडे ढकलला.

"ग्लाशा मावशी, आजच्या दिवस घ्या ना."

"आजच्या दिवस, आजच्या दिवस म्हणत तू माझ्यापेक्षा उंच झालीस. कोटाला अडकवायचा बंद नाही, तर मी अडकवू कशाला? आणि लेनिनग्राडला असाच जाणार हा? तिथली कोटवाली माझ्यासारखी प्रेमळ नसते. तोंडावर फेकते."

"तुम्हीपण फेकताच की."

"मी ओळखीच्यांवरच फेकते. ठेव इथे. वर जाऊन बाईंचा निरोप घेऊन ये, तोवर टाके घालते."

ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर पळाली. संध्याकाळच्या गाडीनं तिला निघायचं होतं. लेनिनग्राडच्या मोठ्या थिएटरनं तिला नाचून दाखवायला बोलावलं होतं. मी सुई काढली, काळा दोरा ओवला.

आमच्या नृत्यशाळेत कोट सांभाळायचं काम मी लग्नाआधीपासून करते. वर शिकवणाऱ्यांना वाटतं, शाळेचा इतिहास जिन्यातल्या फोटोंमध्ये आहे. तो माझ्या खुंट्यांवर आहे. कोणता कोट आला, किती हिवाळे लोंबला आणि कुठे गेला, याचा ताळा माझ्याइतका कुणाला जमणार नाही. बहुतेक कोट याच गावात राहिले. एक ट्राम चालवते, एक पाइपच्या कारखान्याच्या क्लबात पोरांना पोलका नाच शिकवते, एक मासळीच्या दुकानात आहे. पावाच्या रांगेत आमच्या मुली लांबून ओळखू येतात. सगळ्या किंचित मागे रेलून उभ्या असतात. पाववाला म्हणतो, "बायांनो, पुढे या, पाव चावत नाही." त्यात त्यांचा दोष नाही. तो उताराचा गुण आहे.

वरच्या मोठ्या दालनाची जमीन उतरती आहे, मागच्या भिंतीपासून आरशाकडे. लेनिनग्राडच्या त्या थिएटरचा मंच तसा प्रेक्षकांकडे उतरतो, म्हणजे मागच्या रांगेतली मुलगीही दिसते. त्यावर नुसतं सरळ उभं राहायचं तरी अंगाला सवय लागते. लढाईच्या दिवसांत तिथल्या नृत्यशाळेतली मुलं गाड्यांत भरून इकडे उरालला आणली, तेव्हा त्यांच्यामागून, गोठलेल्या सरोवरावरून, त्यांच्या शिक्षिका आव्गुस्ता कार्लोव्हना आल्या. अंगावर नवऱ्याचा ओव्हरकोट, आत नुसती हाडं. त्यांनी आल्या आल्या सुतार बोलावला. माप काही आणलेलं नव्हतं. "माप माझ्या पायांत आहे," म्हणाल्या. सुतार मागच्या तुळयांखाली पाचरी ठोकायचा, बाई जाड लोकरी नमद्याच्या बुटांत मागून पुढे चालत यायच्या आणि म्हणायच्या, "अजून." शेवटी एकदा थांबल्या, डोळे मिटले, म्हणाल्या, "बस. हाच."

लढाई संपली, मुलं परत गेली. बाई गेल्या नाहीत. त्यांचं तिथलं सगळं घर जर्मनांच्या वेढ्यात भुकेनं संपलं होतं. त्या आमच्या गावच्या मुलींना शिकवत राहिल्या. कारखान्यातल्यांच्या, लाकूडतोड्यांच्या. प्रत्येकीला पहिल्या दिवशी एकच वाक्य: "हा उतार तिकडचाच आहे. पाठ सरळ."

त्या मुलींपैकी तिकडे जाऊन नाचून दाखवायची वेळ एकीवर आली, निनेलवर. निनेल प्रोखोरोव्हना, म्हणजे आज वर शिकवते ती. माझ्याच वयाची. आठवड्यात परत आली. याच कठड्यापाशी कोट काढत होती, तर आव्गुस्ता कार्लोव्हना जिना उतरून आल्या. घेतलं का, हे विचारलंच नाही. विचारलं, "उतार कसा होता?"

"तसाच, आव्गुस्ता कार्लोव्हना. अगदी आपलाच."

"मग?"

"गुडघा."

बाईंनी मान हलवली. कुणी त्यांच्या घरून येऊन तिथलं सगळं ठीक आहे म्हणून सांगावं, तसा चेहरा झाला होता.

आव्गुस्ता कार्लोव्हना वारल्या, तेव्हा दफनानंतरचं जेवण आटोपून निनेल माझ्याकडे कोटांच्या मागे येऊन बसली. दोघींच्या पोटात व्होडका होती, तिच्या जास्त.

"ग्लाशा, तिकडचा मंच आपल्यापेक्षा कितीतरी जास्त उतरता आहे," ती म्हणाली. "मी कोपऱ्यातून निघाले आणि मला कुणी मागून ढकलल्यासारखी थेट कडेला. मंचाखाली बसलेल्या वादकांनी माना वर केल्या. गुडघ्याला काहीही झालं नव्हतं."

"पण बाईंनी तर पायांनी मोजला होता."

"कसल्या पायांनी? उपाशी पायांनी. उपाशी माणसाला घरातला उंबरठासुद्धा डोंगर वाटतो. सुतारानं जरासं उचललं आणि तिच्या पायांना वाटलं, पोचलो."

"मग सांगितलं का नाहीस तिला?"

"काय सांगू? तिचं त्या शहरातलं एवढंच शिल्लक राहिलं होतं. तेही खोटं आहे म्हणून सांगू?"

"आता ती गेली. आता दुरुस्त कर."

"करते," निनेल म्हणाली आणि रुमालात नाक शिंकरलं.

नाही केलं. आपण तिकडे जाऊन आलो, हेही तिनं मुलींना कधी सांगितलं नाही. त्यानं काही बिघडलंही नाही. आमच्या मुली जायच्या ऑपेरेटाच्या, म्हणजे संगीत नाटकांच्या, थिएटरांत, कुठे क्लबात. तिथले मंच वेगळेच असणार हे त्या धरूनच चालायच्या. त्यानंतर मोठ्या थिएटरनं कुणाला बोलावलंच नाही, त्यामुळे त्या खोट्याची किंमत कुणाला मोजावी लागली नाही. नुसतं पडून होतं. मग कारखान्यातल्या क्रेनवालीच्या पोटी ही झोया निघाली.

सगळा हिवाळा मी निनेलच्या मागे लागले होते. सुतार बोलाव, तुळया उचल. निदान पोरीला सांग तरी.

"सांगते. परीक्षा होऊ दे."

परीक्षा झाली.

"सांगते. घोटा दुखतोय तिचा, आत्ता नको."

घोटा बरा झाला.

"ग्लाशा, तिला आत्ता सांगितलं तर तिचा पायावरचा विश्वासच उडेल."

"आणि तिथे जाऊन उडाला तर?"

"तू कोट सांभाळ."

सांभाळला. बंद शिवून झाला, तेवढ्यात दोघी जिना उतरून आल्या. झोयाच्या हातात छोटी सुटकेस, गळ्यात निनेलची लोकरी शाल. झोयाची आई कारखान्यात पाळीवर होती, म्हणून निरोपाला आम्ही दोघीच.

"चला, बसू या," निनेल म्हणाली.

प्रवासाला निघताना घटकाभर गप्प बसायची आमची रीत. भिंतीजवळच्या बाकावर आम्ही तिघी बसलो, झोया मधे. बाहेर कुणी फावड्यानं बर्फ ओढत होतं. मी झोयाच्या डोक्यावरून निनेलकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ओठ मात्र हलले. पण बसल्यावर बोलायचं नसतं, आणि निनेलनं ती रीत त्या दिवशी फारच कसोशीनं पाळली.

झोया उठली. कोट घातला. "बंद छान झालाय, मावशी."

"मंचावर गेलीस ना," निनेल एकदम म्हणाली, "की नाचायच्या आधी जरा चालून बघ. मागून पुढे. सावकाश."

झोयाला हसू आलं. "मी? मी तर त्याच उतारावर वाढले, निनेल प्रोखोरोव्हना. बाकीच्यांनी चालून बघावं."

"हो," निनेल म्हणाली. "तेही खरंच."

दार उघडलं. गार वारा आत आला. झोयाचा एक पाय उंबऱ्याबाहेर पडला आणि निनेलनं हाक मारली, "झोया!"

ती थांबली, पण वळली नाही. "बोला. मागे नाही हं फिरणार. निघाल्यावर परतलं की काम होत नाही, तुम्हीच शिकवलंय."

निनेल कठडा धरून उभी होती. मी तिच्या कमरेत कोपर मारलं.

"गाडीत स्वेटर घालून झोप," ती म्हणाली.

दार बंद झालं.

"स्वेटर," मी म्हटलं. "एवढ्या वर्षांची तयारी, आणि निघाला काय, तर स्वेटर."

ती वळली. जिना चढून वर गेली. मग वरून पियानो सुरू झाला आणि तिचा आवाज, रोजच्याइतकाच मोठा, "पाठ सरळ."

झोया पुढच्या आठवड्यात परत आली, दुपारी, वर्ग चालू असताना. मी खिडकीतूनच बघितली. कोटाची बटणं वरखाली लागली होती. आत येऊन तिनं कोट माझ्याकडे दिला. डाव्या तळहाताला पट्टी.

"बंद टिकला," ती म्हणाली. "तिथल्या बाईनं मुकाट्यानं अडकवला."

"पडलीस?"

"पडले नाही. बसले." तिनं हसायचा प्रयत्न केला. "कडेला जाऊन बसले, मावशी. खाली वाद्यांत पडायचंच बाकी होतं. एका बासरीवाल्यानं खालून हात धरला. भला माणूस. म्हणाला, मुली, घाई कसली, आम्ही इथेच आहोत."

"आणि मग?"

"दुसऱ्यांदा करू दिलं. दुसऱ्यांदा भीतीनं पायच उचलेनात. परीक्षकांच्या खुर्च्यांतली बाई म्हणाली, शिक्षण चांगलं आहे, कुठून आली ही? मी सांगितलं. तर ती शेजारणीला विचारते, हे कुठे आलं?"

मी तिचा कोट दोन्ही हातांत धरून उभी होते. म्हटलं, आता विचारेल. विचारलं, तर मी सांगणार होते, निनेलला काय वाटायचं ते वाटो. पण तिनं विचारलं नाही. गाडीच्या प्रवासात तिनं सगळं मनाशी जुळवलेलं दिसत होतं. नुसतं म्हणाली, "मावशी, ज्यांनी ही जमीन उतरती करून घेतली त्या बाई इथे आल्या, तेव्हा चांगल्या होत्या का हो? म्हणजे, तब्येतीनं?"

"नाही," मी म्हटलं. "गाडीतून उचलून उतरवल्या होत्या."

झोयानं मान हलवली. "आणि निनेल प्रोखोरोव्हनांना काही ठाऊक नाही. बिचाऱ्या. त्यांचा केवढा विश्वास आहे."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात पियानो थांबला, आणि जिन्यावर निनेलची पावलं वाजली. ती जिन्याचा कठडा धरून उतरत होती, एकेक पायरी. झोयाच्या पट्टीकडे बघितलं, माझ्या हातातल्या कोटाकडे बघितलं. घेतलं का, हे तिनंही विचारलं नाही.

"उतार?" ती म्हणाली. "उतार कसा होता?"

माफी मागायचीच सुरुवात होती ती, मी शपथेवर सांगते. पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता. पण झोयानं पाठ सरळ केली आणि चटकन उत्तर दिलं.

"तसाच होता, निनेल प्रोखोरोव्हना. अगदी आपलाच."

निनेल पायरीवरच थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. खोटं आहे हे तिला कळलं, शब्दन् शब्द ओळखीचा होता. आणि आता खरं बोलावं, तर या पोरीनं दोन रात्री गाडीत बसून जपून आणलेलं तिच्या तोंडावर परत फेकायचं.

"मग?" तिनं विचारलं.

"गुडघा," झोया म्हणाली.

"हो," निनेल म्हणाली. "गुडघा दगा देतो."

वर मुलींनी दंगा सुरू केला.

"मला जिने झेपत नाहीत आता," शेवटी निनेल म्हणाली. "लहान वर्ग तू घे. उद्यापासून."

झोया हो म्हणाली. दुसरं म्हणणार काय होती? मी तिचा कोट मुलींच्या रांगेत अडकवायला निघाले, मग वळले, आणि शेवटच्या रांगेत शिक्षकांच्या खुंट्यांवर अडकवला. बंद मजबूत होता. तिथे तो आता बरीच वर्षं लोंबेल, एवढं मला माझ्या धंद्यातून कळतं.

दुसऱ्या दिवशी एका चिमुरडीचा बूट खाली राहिला, तो द्यायला मी वर गेले. मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. वर्गाआधी जमिनीवर पाणी शिंपडतात, पाय घसरू नयेत म्हणून. झारी झोयाच्या हातात होती. मागच्या भिंतीपाशी जरा जास्तच पाणी सांडलं, त्याची एक धार झाली आणि ती आरशाकडे निघाली. अगदी हळू. मधे थांबल्यासारखी व्हायची, मग पुन्हा सरकायची. झोया झारी धरून तिच्याकडे बघत होती.

"झोयाताई," एक पोरगी म्हणाली, "आई म्हणते, हा उतार लेनिनग्राडचा आहे. खरं?"

धार आरशापर्यंत पोचली नाही. दालनाच्या मध्यावर लाकडानं ती पिऊन टाकली.

"तिकडचाच आहे," झोया म्हणाली. "पाठ सरळ."