जहागीरदारांची कबुतरं

"कबुतरांचं आपण शेवटी घेऊ," नोटरी रुसेल म्हणाले आणि त्यांनी पुन्हा दौतीत टाक बुडवला.

गिलमेत मागच्या बाकावर बसली. चर्चमध्ये इतका गारठा होता की शाई गोठू नये म्हणून पाद्रीबाबा मधूनमधून दौत आपल्या झग्यात धरून बसत. १७८९ साली राजाने सगळ्या फ्रान्सला विचारलं होतं, तुमची गाऱ्हाणी काय? वोब्रे गावाला आजवर कोणी काहीच विचारलं नव्हतं, त्यामुळे गाव जरा बावरलं होतं. अशा सभेला बायकांना बोलावत नसत. पण गिलमेतच्या घरचा कर आता तीच भरत होती, आणि कर भरणाऱ्याला हाकलायचं कसं हे नोटरींना कुठल्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

तिचा नवरा ब्लेझ ब्रेस्तच्या गोदीत, पायात साखळी घालून, ओंडके ओढत होता. जहागीरदारांची कबुतरं पेरलेलं टिपायची. त्यांना हुसकावायची मुभा होती, मारायची नव्हती. हुसकावण्यासाठी ब्लेझने लाकडाची टाळी केली होती: दोन फळ्या आणि धरायला दांडा. पहिल्या दिवशी कबुतरं उडाली. दुसऱ्या दिवसापासून ती टाळीच्या तालावर टिपू लागली. मग त्याने गोफण काढली. पहिल्यांदा सापडला तेव्हा फटक्यांवर सुटला. दुसऱ्यांदा सापडला तेव्हा त्याच्या सदऱ्यात दोन कबुतरं होती, आणि त्यातलं एक अजून हलत होतं.

तिला एकच ओळ लिहून हवी होती. कबुतरांपायी शिक्षा झालेल्यांना घरी सोडा.

गाऱ्हाणी कशी लिहायची याचा शहरातून आलेला नमुना नोटरींनी वाचला. माणूस म्हणून जन्मलेल्या प्रत्येकाला निसर्गाने दिलेले, कोणालाही हिरावून घेता न येणारे हक्क. वाक्य लांब होतं. ते संपेपर्यंत दोन म्हातारे झोपले आणि उरलेल्यांचे डोळे पाणावले. निसर्गाने आपल्याला काही दिलं आहे हे गावाला पहिल्यांदाच कळत होतं, गेल्या उन्हाळ्यातल्या गारा सोडल्या तर.

"आता कबुतरं," गिलमेत म्हणाली.

"ह्यात सगळं आलं, बाई. एवढ्या मोठ्या वाक्याखाली कबुतर लिहिलं तर व्हर्सायला राजवाड्यात हसतील आपल्याला."

"हसू देत. ब्लेझ आला का ह्यात?"

"माणूस आला ना. ब्लेझ माणूसच आहे."

पुढच्या बाकावरचा लोहार, तोंदू, वळला. "अगं, तुझा ब्लेझ आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या चांगल्या जागी बसतोय. बसू दे की त्याला. घरी सूप निवतंय."

सगळे हसले. गिलमेतही थोडी हसली आणि तिने मान हलवली. ज्यांना सही येत होती त्यांनी ती केली. बाकीच्यांच्या नावापुढे 'सही येत नाही' असं नोटरींनी सुबक अक्षरात लिहिलं.

ऑगस्टमध्ये बातमी आली ती मोठ्या वाक्याची नव्हती, कबुतरांची होती. जहागीरदारांचा कबुतरखान्याचा हक्क गेला. पेरणीच्या दिवसांत कबुतरं कोंडून ठेवायची. नाही कोंडली तर ती शिकार समजायची, आणि ज्याच्या शेतात उतरतील त्याने मारावीत. शिकारीपायी तुरुंगात गेलेल्यांनाही सोडणार होते. व्हर्सायला कोणी हसलं नव्हतं. बाकीच्या गावांनी मुकाट्याने कबुतरंच लिहिली होती.

वोब्रेने पेरणीची वाट पाहिली नाही. कबुतरखाना रिकामा झाला. तोंदूने चार कबुतरं पाय बांधून गिलमेतच्या दाराला अडकवली. तिने ती सोलली, वाटाण्यात शिजवली, खाल्ली. चव कबुतरासारखीच होती. मग तिने ब्लेझचे लाकडी बूट धुऊन उन्हात ठेवले आणि ती नोटरींकडे गेली.

नोटरींनी तिला खुर्ची दिली. तेव्हाच तिला काय ते समजायला हवं होतं.

सुटणार ते शिकारी, असं त्यांनी समजावलं. शिकार रानातल्या जनावराची होते. कबुतर शिकार ठरलं ते आत्ता. ब्लेझने मारली तेव्हा ती कोणाच्या तरी घरची होती. कायद्याच्या नजरेत ब्लेझ शिकारी नाही, चोर आहे.

"ससे मारणारे येणार?"

"येतील."

"त्या दिवशी त्याला ससाही दिसला होता," गिलमेत म्हणाली. "जाऊ दिला म्हणे. बिचाऱ्याने आपलं काय खाल्लंय, म्हणाला."

नोटरींनी टाक पुसून बाजूला ठेवला.

"आणि ते मोठं वाक्य?"

ते आता पॅरिसला छापून निघालं होतं. नोटरींनी ड्रॉवरमधून कागद काढला. निसर्गसिद्ध हक्क, त्यांनी हळू आवाजात वाचलं, स्वातंत्र्य, मालमत्ता... "मालमत्ताही त्यातच आहे, बाई. शेवटी तर तिला पवित्र म्हटलंय. आणि कबुतरं त्यांची मालमत्ता होती." त्यांचे कान लाल झाले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आपण होऊन अर्ज लिहिला, फीही घेतली नाही.

"ह्यात कबुतर लिहिलंत?"

"लिहिलं."

"बरं," ती म्हणाली.

शरदात राय धान्याची पेरणी आली तरी अर्जाचं उत्तर आलं नाही. शेजारच्या गावचा सशांचा शिकारी मात्र ब्रेस्तहून सुटून आला. जाता जाता तो तिच्या कुंपणाशी थांबला. ब्लेझ आहे, म्हणाला. खोकतो, पण आहे. निरोप काही दिला नाही ब्लेझने, एवढंच विचारलं, ती टाळी अजून चालते का?

त्याच आठवड्यात तोंदू गाडीच्या चाकाची लोखंडी धाव घेऊन रस्त्याने जात होता. गिलमेत ओच्यातलं बी मुठीमुठीने टाकत एक ओळ पुरी करायची, मग बांधावरची टाळी उचलून वाजवायची.

"अगं, आता कोणाला हुसकावतेस?" त्याने हाक दिली. "एक कबुतर शिल्लक ठेवलंय का आपण?"

"माहीत आहे."

"मग?"

"चालते का बघतेय," ती म्हणाली.

तिने पुन्हा टाळी वाजवली. आवाज शेतावरून गेला, कबुतरखान्याच्या रिकाम्या भोकांत शिरला आणि परत आला. तो येईपर्यंत ती थांबली. मग तिने टाळी बांधावर ठेवली आणि पुढच्या ओळीसाठी बियाची मूठ भरली.