छत्तिशीच्या आत

आयर्लंडमधल्या किलबारा गावात कुणाचं परदेशी जायचं ठरलं की तो आधी यूना मनेलीच्या स्वयंपाकघरात येई. आईबापाला सांगणं, चर्चमध्ये मेणबत्ती लावणं, हे सगळं नंतर. यूना गुरांच्या बाजाराच्या ऑफिसात कारकून होती. दिवसभर गाईंच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर लिहायचे आणि संध्याकाळी माणसांचे कागद लावायचे. चहाचा कप पुढे सरकवला की तिची सरबत्ती सुरू. पासपोर्ट कधी संपतोय? पोलिसांचा दाखला मागवलास? बँकेत दाखवायला काही शिल्लक आहे की सगळं पबमध्येच ठेवून आलास? ऑस्ट्रेलियात पोचल्यावर आधी टॅक्सचा नंबर काढ, मग समुद्र बघ. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर खेड्यात अठ्ठ्याऐंशी दिवस काम करावं लागेल, आणि प्रत्येक आठवड्याची पगाराची चिठ्ठी जपून ठेवायची. मालक गोड बोलतो म्हणून विश्वास टाकायचा नाही, गोड बोलणारेच चिठ्ठी देत नाहीत.

असे त्रेचाळीस जण तिनं धाडले होते. सुतार, नर्सा, एक शाळामास्तर, आणि टॉम रडीचा तो ढब्बू पोरगा, ज्याला स्वतःची जन्मतारीख नीट सांगता येत नव्हती आणि जो आता पर्थमध्ये क्रेन चालवतो. बदल्यात यूनाला काय, तर बिस्किटांचा डबा. फार तर नाताळात एक कार्ड.

निघायच्या आधी हेगर्टीच्या पबमध्ये जेवण असे. टोपी फिरे, जो तो दहा-वीस युरो टाकी, फुटबॉल क्लबची सगळ्यांच्या सह्यांची जर्सी मिळे आणि जाणाऱ्याची आई रडे. मग हटकून कुणीतरी ओरडे, “यूना, आता तुझा नंबर,” आणि सगळे हसत. हसण्यासारखंच होतं म्हणा. तिच्या वडिलांना, जॉनी मनेलींना, चार वर्षांपूर्वी झटका येऊन डावी बाजू गेली होती. आई तर त्याच्याही आधी गेलेली. तेव्हापासून गोळ्या, आंघोळ, जेवण, डॉक्टर, सगळं यूनाच्या गळ्यात. भाऊ पॉरिक दोन शेतं पलीकडे राहायचा. रविवारी येऊन बापाच्या खांद्यावर थाप मारायचा आणि मटण खाऊन जायचा. “यूना म्हणजे सोनं आहे,” असं गावातल्या बायका चर्चच्या दारात म्हणायच्या. यूनाला त्या शब्दाचा वीट आला होता. सोनं लोक कुलपात ठेवतात, हे तिला बायकांपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

मार्चच्या दहा तारखेला ईमर रडी आली, त्या क्रेनवाल्याची धाकटी बहीण, तेवीस वर्षांची, केस कापायचं काम करणारी. तिचा ऑस्ट्रेलियाचा अर्ज भरायचा होता, वर्षभर फिरा आणि कामही करा, असा जो व्हिसा असतो तो. वयाच्या रकान्यापाशी ईमर थांबली. मर्यादा पस्तीसची म्हणजे छत्तीस पूर्ण होईपर्यंत चालतं ना, असं तिनं विचारलं. यूना म्हणाली, हो, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या आत अर्ज जायला हवा, मग निघायला पुढे वर्षभर मिळतं. ईमरनं बोटं मोजली आणि अगदी सहज बोलून गेली, “म्हणजे तुला अजून बारा दिवस आहेत.”

पोरीच्या मनात काही नव्हतं. यूना हसली, अर्ज पुरा केला, तिला दारापर्यंत पोचवून आली. मग खुर्चीत बसली ती चहा गार होईपर्यंत उठलीच नाही. तिला रागच आला, स्वतःचा. त्रेचाळीस जणांच्या तारखा तोंडपाठ आणि स्वतःची बावीस मार्च तिच्या नाकासमोरून चालली होती. तिनं खण उघडून पासपोर्ट काढला. आईला घेऊन फ्रान्समध्ये लूर्दच्या यात्रेला जाताना काढलेला, मग पडून राहिलेला. तो दोन वर्षांपूर्वीच संपला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावातल्या कुणी असा पासपोर्ट टेबलावर टाकला असता तर यूनानं त्याची सालटी काढली असती.

पण यूना रडत बसणारी नव्हती. डब्लिनच्या पासपोर्ट ऑफिसात चार तासांत नवा करून देतात, फक्त आधी वेळ घ्यावी लागते. पहिली वेळ मिळाली ती गुरुवारची, वीस तारखेची, दुपारी बाराची. शनिवारी बावीस. म्हणजे एक दिवस हातात. तिनं पैसे भरले, फोटो काढला आणि बाजाराच्या ऑफिसात गुरुवारची सुट्टी मागितली. किलबाऱ्यात सुट्टी मिळते, पण कशाला ते सांगितल्यावरच. तिनं सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते पॉरिकच्या कानावर गेलं.

सतरा तारखेला, सेंट पॅट्रिकच्या सणाची मिरवणूक बघून पॉरिक आला, कोटाला सणाचं हिरवं पान टोचलेलं, हातात लांबट लिफाफा. बापाच्या शेजारी बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, डॅडींनी नि त्यानं मिळून ठरवलंय, तळ्यावरच्या शेतातला अर्धा एकर यूनाच्या नावावर करायचा. घर बांधायला. वाढदिवसाची भेट. गुरुवारी अकरा वाजता वकिलाकडे सही, बस्स.

यूनाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायचं कारण नाही. आमच्याकडे शेतातला बांधकामाचा तुकडा लेकाला मिळतो, लेकीला तिचा नवरा मिळतो. तिला दोन्हींतलं काहीच मिळालं नव्हतं. त्या शेतात ती लहानपणी गवत उलटायला जाई आणि तिथं खिडकी कुठे ठेवायची हे तिनं दहाव्या वर्षीच ठरवलं होतं. स्वतःचं दार, स्वतःची किल्ली. क्षणभर ती पासपोर्ट, पर्थ, सगळं विसरली. मग हाताला सवय, तिनं लिफाफा फोडला आणि वाचायला घेतलं.

पॉरिक म्हणाला, आता काय वाचत बसतेस, वकिलानं बघितलंय. ती वाचतच राहिली. दुसऱ्या पानावर होतं, बांधकामाच्या परवानगीनुसार घर झाल्यावर सात वर्षं तिनं स्वतः तिथंच राहायचं, विकायचं नाही की भाड्यानं द्यायचं नाही. ते ठीक, ती अट तालुक्यात सगळ्यांनाच असते. तिसऱ्या पानावर मात्र वकिलाची नाही, पॉरिकची अक्कल दिसत होती. जमिनीच्या बदल्यात यूनानं वडिलांची त्यांच्या हयातीत देखभाल करायची. ती सोडली तर तुकडा परत मूळ शेताला जोडला जाईल. आणि मूळ शेत कुणाचं, तर चौथ्या पानावर, पॉरिकचं. आवळा देऊन कोहळा काढायचा, आणि तोही हिरवं पान टोचून.

“हे तिसरं पान कुणी घालायला सांगितलं?” तिनं विचारलं.

“अगं, नुसती भाषा असते ती. वकील लिहितात तशी.”

“पॉरिक, या टेबलावर मी त्रेचाळीस जणांना एकच गोष्ट शिकवली. नुसती भाषा म्हणून सही केली की विमानतळावरून परत पाठवतात.”

मग पॉरिकनं गोड बोलणं सोडलं. तुझं वय काय, तू करतेस काय, वीस-वीस वर्षांच्या पोरांबरोबर फळं तोडायला जाणार? तिकडे कोण ओळखतं तुला? आणि डॅडींना काय वृद्धाश्रमात टाकायचं? आई असती तर काय म्हणाली असती? यूना म्हणाली, आईला मध्ये आणू नकोस, आईच्या आजारपणात तू तीनदा आला होतास, मी मोजलंय. फळं तोडायचं म्हणशील तर चार वर्षं वाकून डॅडींना मोजे घालतेय, कंबर तयार आहे. पॉरिक दार आपटून गेला. जाताना म्हणाला, गुरुवारी अकरा, नाही आलीस तर अर्धा एकर विसर.

म्हातारा सगळा वेळ रेडिओकडे तोंड करून बसला होता. यूना त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि सरळ सांगितलं, “डॅडी, मी गुरुवारी डब्लिनला जातेय. व्हिसा मिळाला तर सप्टेंबरात निघेन. तुमच्यावर राग नाही. पण मी जाणार.”

जॉनी मनेलींनी रेडिओ बारीक केला. मग म्हणाले, “माझ्या गोळ्या कोण देणार?”

“पॉरिकला दोन हात आहेत.”

“अडुसष्ट साली मी इंग्लंडात, कोव्हेंट्रीला होतो,” म्हातारा म्हणाला. “गाड्यांच्या कारखान्यात. आईचं पत्र आलं, गवत काढायला पंधरा दिवस येऊन जा.” एवढं बोलून त्यांनी उजव्या हातानं रेडिओ मोठा केला. ते पंधरा दिवस अजून संपले नाहीत, अशी ही गोष्ट ते पबमध्ये हसवायला सांगत. आज हसले नाहीत. हे तिच्या बाजूनं होतं की विरुद्ध, ते यूनाला कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. पुढचे दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत, गोळ्या मात्र घेतल्या.

गुरुवारी ती पहाटेच्या गाडीनं निघाली. शेजारच्या मिसेस लॅविन दिवसभर डॅडींजवळ बसायला आल्या होत्या आणि यूना निघताना त्यांनी विचारलं, “तुझ्यावाचून त्यांचं कसं होणार गं?” यूना म्हणाली, “तेच पॉरिकला विचारा, रोज विचारा.” अकराला पाच कमी असताना फोन वाजला. वकील वाट बघतोय, पॉरिकचा आवाज चढलेला. ती तेव्हा डब्लिनच्या रस्त्यावर, जुना पासपोर्ट छातीशी धरून चालत होती. तिनं सांगितलं, वकिलाला म्हण तिसरं पान काढ, मग बोलू. पॉरिक म्हणाला, ते निघणार नाही. मग अर्धा एकर तुलाच लखलाभ, ती म्हणाली आणि फोन ठेवला. तळ्यावरच्या त्या खिडकीसाठी तिला खूप वाईट वाटलं. रस्त्यातच उभं राहून तिनं नाक पुसलं आणि पुढे चालू लागली.

चार वाजता नवा पासपोर्ट हातात आला. कालव्याकाठच्या बाकावर बसून, सँडविच मांडीवर ठेवून, तिनं फोनवरच अर्ज भरला. नाव, तारीख, नंबर. दुसऱ्यांचे अर्ज ती एकदा वाचून पाठवी, स्वतःचा प्रत्येक रकाना तीनदा वाचला. पैसे भरले, बटण दाबलं. अर्ज पोचला अशी ओळ आली. छत्तिशीला दोन दिवस बाकी होते. तिनं सँडविच सगळं खाल्लं.

मंजुरीचा निरोप शनिवारी सकाळीच आला. असंही होतं कधी कधी, नाहीतर तिनं आठवडे थांबणारी माणसंही बघितली होती. दुपारी तिनं पॉरिकला बोलावलं. तो केक न घेता आला, तोंड फुगवून आला, पण आला, कारण मिसेस लॅविननी तीन दिवसांत त्याला पाचदा विचारलं होतं. यूनानं त्याला टेबलाशी बसवलं आणि कागदांची चळत पुढे ठेवली. आरोग्य खात्याच्या घरच्या मदतनिसाचा अर्ज, मंगळवारच्या वृद्ध केंद्राचा अर्ज, गोळ्यांचा तक्ता, डॉक्टरच्या तारखा. सहा महिने ती आहे, ती सगळं शिकवेल, म्हणाली. त्यानंतर नाही.

“मला हे जमायचं नाही,” पॉरिक म्हणाला.

“टॉम रडीच्या पोराला जमलं.”

म्हातारा आपल्या खुर्चीतून बघत होता. रेडिओ बंद होता. पॉरिकनं पेन घेतलं, बापाचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख बहिणीला विचारून लिहिली. पुढचा रकाना होता, घरी काळजी घेणारी व्यक्ती. त्यानं मान वर न करता, सवयीनं, ठळक अक्षरांत लिहिलं, यूना मनेली.

यूनानं तो कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला, फाडला आणि कोरा अर्ज पुढे ठेवला.

पॉरिक बापाकडे बघू लागला.

“माझ्याकडे काय बघतोस,” जॉनी मनेली म्हणाले. “स्वतःचं नाव येतं ना लिहिता?”