झाकलेला आकडा

तिने कळ दाबली आणि तीन वर्षं झाकून ठेवलेला आकडा पडद्यावर उघडा पडला.

खोलीत ती आणि सर, दोघंच होती. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आकडा होता तसाच राहिला.

विश्व फुगवणारी कृष्ण ऊर्जा सगळीकडे सारखी पसरलेली असते, असं बाकीचे मानत. सर मात्र तीस वर्षं एकटे भांडत आले होते, की ती प्रवाही असते, जागोजागी साकळते आणि तिच्या ओढीने दीर्घिकांचे पुंजके जास्त जमतात. प्रबंधासाठी तिने आकाशातले पुंजके मोजले होते. जास्तीचे कुठेच नव्हते.

“दूरचे पुंजके वगळ,” सर म्हणाले. “त्यांची मोजणी कच्चीच असते. तेवढे काढलेस की आकडा सिद्धांतात बसेल.”

“कालपर्यंत ती पक्की होती.”

“मला शिकवू नकोस. तुझ्या प्रबंधावर सही माझी लागते.”

‘हे शेवटचं वर्ष’ असं आईला तिने तिसऱ्यांदा सांगितलं होतं. मग मात्र तिला सरळ रागच आला.

“उत्तर मनासारखं वळवायचा मोह नको म्हणून आकडा झाकायचा, पद्धत आधी ठरवायची, आणि उघडल्यावर कशालाही बोट लावायचं नाही. हा नियम तुमचाच ना, सर? शेजारच्या गटाने तो मोडला, तेव्हा भर सभेत त्यांची बिनपाण्याने केली होतीत.”

“ती गोष्ट वेगळी.”

“का? त्यात तुमची प्रवाही ऊर्जा नव्हती म्हणून?”

बोलून गेली, आणि तिला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही. तिने तिथेच बसून निष्कर्ष लिहिला, कागद छापला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर एकच ओळ होती: ‘अशी प्रवाही ऊर्जा बहुधा अस्तित्वात नाही.’

“सही करायची नसेल तर नका करू. पण मी यातला आकडा बदलणार नाही.”

सरांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. बाहेर कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मग त्यांनी खिशातलं पेन काढलं. आता ओळच खोडणार, असं वाटून तिने टेबलाची कड घट्ट धरली.

त्यांनी ‘बहुधा’वर आडवी रेघ मारली आणि कागद तिच्याकडे सरकवला.

“एवढी भांडलीस,” ते म्हणाले, “आणि लिहिताना शेपूट घातलीस?”