म्हशीची जागा

वनाआबांनी खळ्यात मधोमध म्हैस बांधली ती निव्वळ खोडसाळपणाने. त्यांचा एकुलता एक पोरगा समाधान कॉलेज बुडवून खळ्यात चेंडू टाकायचा, आणि तोही पार चिंचेपासून धावत येऊन. "एक चेंडू टाकाले इतलं पयानं कसाले?" असं आबा रोज विचारत. उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी त्याच्या वाटेतच खुंटा ठोकला. म्हैस मारकी होती. पण समाधान काही थांबला नाही. शिंगांना वळसा घालून, अंग चोरून धावायला लागला. त्या वळशात काय जादू होती कोण जाणे, चेंडू टप्पा पडताच बाहेर निघू लागला.

पारोळ्याहून धुळं, धुळ्याहून पुणं, आणि पंचविसाव्या वर्षी समाधान भारताकडून खेळला. पहिल्याच दौऱ्यात अकरा बळी. वार्ताहर गावात आले तेव्हा आबांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हैस मीच बांधेल व्हती," ते म्हणाले, "पोऱ्यासाठेच." आयत्या पिठावर रेघोट्या कशा ओढाव्यात हे आबांकडून शिकावं. पेपरात फोटो आला, आबा, खुंटा आणि म्हैस. समाधानच्या आईने, वच्छलाबाईंनी, तो पाहिला आणि पीठ मळत राहिल्या. नवऱ्याला त्या कधी लगेच खोटं पाडत नसत. साठवून ठेवत.

मग मोठ्या प्रशिक्षकांनी समाधानची धाव सरळ केली. वाकडं धावून पाठ जाईल म्हणाले. पाठ राहिली, चेंडूचं वळण गेलं. तीन सामन्यांत एक बळी नाही, म्हणून संघातून काढला. आता दहा दिवसांनी निवड समितीसमोर सराव सामना होता. तिथे जमलं नाही, तर खेळच संपला. समाधान घरी आला, बॅग ओट्यावर टाकली आणि पाणीही न पिता म्हणाला, "आबा, म्हैस कोठे शे?"

"इकी टाकी," आबा म्हणाले. भाकड झाली म्हणून बाजारात विकली होती.

समाधानने तिच्या जागी ड्रम ठेवला, खाट ठेवली, मोटारसायकल लावली. काही उपयोग होईना. ड्रम काही ढुशी मारत नाही, हे त्याच्या कमरेला पक्कं ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी तो डोकं धरून बसला, तशा वच्छलाबाई सूप आपटून नवऱ्याला म्हणाल्या, "म्हैस तुम्हीच इकी. आते तुम्हीच उभा ऱ्हा."

तोड वाईट नव्हती. आबांचा धाक घरात म्हशीपेक्षा कमी नव्हता. आबा खुंट्याजवळ उभे राहिले. पोराला असा धावत येताना त्यांनी समोरून कधी पाहिलंच नव्हतं, नेहमी पाठ फिरवलेली. सव्वासहा फुटांचा गडी अंगावर येताना पाहून त्यांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी बाजूला उडी मारली. चेंडू सरळ गेला, तो वाळत घातलेल्या बिबड्यांत, ज्वारीच्या पापडांत.

"म्हैस कधी हालनी नव्हती," वच्छलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या चेंडूआधी आबांनी हात वर केला. बोलल्याशिवाय उभं राहवेना. "समाधान, मी म्हैस तुले आडावाले बांधेल व्हती. शिकाडाले नही."

"माले माहीत शे," चिंचेखालून समाधान म्हणाला. "बठ्ठा गावले माहीत शे. तुम्ही हालू नका."

आबा हलले नाहीत. धोतर फडफडलं, पोराचा श्वास कानाला लागला, आणि चेंडू वळून यष्टीवर आदळला. त्या आठवड्यात आबांनी सहाशे चेंडू उभ्याने काढले. पाय सुजले, पण तक्रार केली नाही.

दोन महिन्यांनी समाधान टीव्हीवर दिसला, परदेशातल्या मैदानावर. आबा खाटेवरून उठले आणि टीव्हीसमोर मधोमध जाऊन उभे राहिले.

"सरका ना, माले काहीच दिसत नही," वच्छलाबाई म्हणाल्या.

आबा जागचे हलले नाहीत. समाधान धावत आला आणि पंचाच्या अलीकडे, जिथे काहीच नव्हतं तिथे, अंग चोरून वळला. यष्टी उडाली. समालोचक प्रशिक्षकांच्या मेहनतीचं कौतुक करू लागला. आबांना ते ऐकू आलं की नाही, देव जाणे. ते श्वास रोखून तसेच उभे होते. षटकातले चार चेंडू अजून बाकी होते.