पथरियाच्या नऊ फळ्या

पथरिया नदीवरचा बंधारा नीळकंठराव बर्व्यांनी बांधला, हे परप्रांतातल्या अयोध्या नगर वसाहतीच्या मराठी मंडळात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बंधारा म्हणजे काय, तर दोन काठांना दोन सिमेंटचे खांब, खांबांना उभी खाच, आणि त्या खाचेत एकावर एक बसवलेल्या सागाच्या नऊ फळ्या. गणपती बुडवायला पुरेसं पाणी मिळत नाही, अशी मंडळाची तक्रार होती. नीळकंठराव तेव्हा कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेली, पाण्यावर फिरणाऱ्या टर्बाइनची पाती घासून बरोबर करण्यात. त्यांनी फळ्या अशा बसवल्या की थेंब गळेना.

विसर्जन झालं की फळ्या काढायच्या, असं ठरलं होतं. पण भरलेलं पाणी लोकांना आवडलं. कुणी काठावर बाक टाकले, कुणी पहाटे फिरायला येऊ लागलं. फळ्या राहिल्या त्या राहिल्याच. चौदा वर्षं झाली.

आता फळ्या जुन्या झाल्या म्हणून त्यांच्या जागी पक्की काँक्रीटची भिंत ओतायची, असं मंडळाच्या मनात होतं. रविवारी बैठक होती. सेक्रेटरी परीक्षित घरी येऊन सांगून गेला होता, की भिंतीवर काकांच्या नावाची संगमरवरी पाटी बसेल. नीळकंठरावांनी नको नको म्हटलं, आणि तो गेल्यावर कागदावर स्वतःचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून पाहिलं.

या घरात बंधाऱ्याबद्दल एकच माणूस कुरकुरत असे, ते म्हणजे नलिनीबाई. बर्व्यांकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात नदीवर जायचं, वाहत्या पाण्यातले सात खडे निवडायचे, न बोलता आणि मागे वळून न बघता घरी आणायचे. पूर्वी पथरियाचे खडे हातात घेतले की धुतल्यासारखे असत. बंधारा झाला आणि ती जागा पाण्याखाली गेली. पहिल्या वर्षी नलिनीबाईंनी हात घातला तो कोपरापर्यंत काळ्या गाळात गेला. पुढच्या वर्षीपासून त्या शेजारच्या बांधकामावरची गिट्टी धुऊन घेऊ लागल्या.

“आमच्याकडे क्रशरची गौर येते,” असं त्या चारचौघींत सांगत, नीळकंठरावांना ऐकू जाईल अशा बेताने.

माघ महिन्यात, त्या बैठकीच्या तीन दिवस आधी, मृणाल आली. ही नीळकंठरावांच्या भाचीची मुलगी. लहान नद्यांमध्ये कुठे कोणते मासे राहतात आणि का राहतात, यावर तिचं संशोधन चाललं होतं. तिच्या सामानात जाळं होतं, बादली होती, खुणा केलेली काठी होती आणि एक संत्रं होतं. संत्रं पाण्यात सोडायचं आणि दहा पावलं जायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं, असा तिचा पाण्याचा वेग मोजायचा हिशेब.

नीळकंठरावांनी तिला मोठ्या हौसेने आपल्या तळ्यावर नेलं. संत्रं सोडलं. ते जिथे पडलं तिथेच तरंगत राहिलं. बरोबर आलेल्या नलिनीबाई बराच वेळ वाट बघून म्हणाल्या, की त्यापेक्षा सोलून खाल्लं असतं तर बरं. मग मृणालने जाळं टाकलं. भरपूर मासे आले, पण बहुतेक सगळे टिलापिया. दुसरी जात एक सापडली, तिसरी नाही. तिने वहीत दोन लिहिलं आणि सहज म्हणून सांगितलं, की फुगवटा संपतो त्याच्या वर, कोसभर अंतरावर, तिला काल एका सकाळी सतरा जाती मिळाल्या.

नीळकंठरावांना ते झोंबलं. त्यांच्या तळ्यात हाताएवढे मासे होते. सतरा जाती वरच्या त्या खडकाळ ओढ्यात, जिथे घोटाही बुडत नाही? ते म्हणाले की तिच्या मोजण्यात काहीतरी गडबड आहे.

“मग उद्या चला ना, नीळूआजोबा,” ती म्हणाली. “जाळं तुम्ही धरा. मी फक्त लिहीन.”

दुसऱ्या दिवशी ते गेले ते तिला खोटं पाडायलाच. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले आणि आधी कानांनाच काहीतरी वेगळं लागलं. पाण्याला आवाज होता. आपल्या तळ्याला आवाज नाही, हे चौदा वर्षांत त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. संत्रं सोडलं तर ते असं पळालं की मृणालला धावत जाऊन पकडावं लागलं.

तिने त्यांना एका मोठ्या दगडाजवळ वाकायला सांगितलं. दगडाच्या पुढच्या अंगावर पाणी आपटून फुटत होतं. मागच्या अंगाला तळहाताएवढी जागा अगदी शांत होती, आणि त्या शांत जागेत काडीएवढी पिल्लं एका रांगेत उभी होती. जणू भिंतीच्या आडोशाला थांबलेली माणसं. दगडाखालच्या फटीतून पट्ट्यापट्ट्यांची मुरी मासळी डोकं काढून आत गेली. दोन हात पलीकडे वाळू होती, तिथे वेगळेच मासे, वाळूच्याच रंगाचे. झाडाची मुळं पाण्यात उतरली होती, त्यांच्यात आणखी तिसरेच. आणि जिथे पाणी दगडांवरून उतरून खोल डोहात पडत होतं, तिथे सोनेरी खवल्यांचं काहीतरी मोठं वळलं आणि दिसेनासं झालं.

नीळकंठरावांना कारखान्यातलं स्टोअर आठवलं. हजारो सुटे भाग, पण प्रत्येकाचा खण ठरलेला. इथे खण करणारं कुणी नव्हतं. पाणी कुठे किती जोरात जातं, एवढ्यानेच सगळे खण पडले होते.

“आता या दगडाखाली हात घाला,” मृणाल म्हणाली. “हळू.”

धारेचा जोर इथे सगळ्यांत जास्त होता. त्यांनी बोटं सरकवली तर दगडाला काहीतरी चिकटलेलं लागलं, गार आणि जिवंत. मृणालने दगड अलगद थोडा उचलला. बोटभर लांबीचा काळपट मासा पोटाने दगडाला धरून बसला होता. इकडचे ढीमर, म्हणजे मासेमारी करणारे लोक, याला पत्थरचट्टा म्हणतात, महाराष्ट्रात याला मळ्या म्हणतात, असं तिने सांगितलं. दगडावरचं शेवाळ खरवडून तो जगतो. दगडावर गाळ बसला की त्याचं जेवणही गेलं आणि घरही गेलं.

पण नीळकंठराव ऐकत नव्हते. ते त्या माशाचा आकार बघत होते. पुढून गोलसर, पाठीवर हलकासा चढ, मग शेपटीकडे लांब, निमुळता उतार. अंगावरून एवढं पाणी जात होतं आणि मासा शेपटीसुद्धा हलवत नव्हता. हा उतार त्यांना पाठ होता. चौतीस वर्षं ते पत्र्याचं माप हातात घेऊन हाच उतार लोखंडाच्या पात्यावर आणत आले होते. माप लावायचं, उजेडाकडे धरून बघायचं, केसाएवढी फट दिसली तरी पुन्हा घासायचं. एका पात्याला आठवडे लागत. इथे एका दगडाखाली ते काम पूर्ण होऊन बसलं होतं, आणि त्यात कुठेही फट नव्हती.

“हे कुणी घासलं?” त्यांनी विचारलं.

“पाण्यानेच, आजोबा. फार वर्षं लागली.”

ते तसेच वाकून राहिले. पाठ दुखायला लागली तरी उठले नाहीत. परत येताना त्यांनी एकदाच विचारलं, की हे असे खाली आपल्या तळ्याच्या जागीही असतील का पूर्वी. मृणाल म्हणाली, दगड तिथेही हेच आहेत, फक्त गाळाखाली आहेत.

रविवारच्या बैठकीत नीळकंठराव उभे राहिले आणि म्हणाले की भिंत नको, फळ्याही काढायच्या. लोकांना वाटलं, काका पाटीवरून रुसले. परीक्षितने समजूत घातली की पाटी मोठी करू. कुणीतरी म्हणालं, चार बोटांच्या माशांसाठी एवढं सुंदर तळं रिकामं करायचं? गणपती कुठे बुडवायचे? तासभर हुज्जत चालली. नीळकंठरावांना भाषण करता येत नव्हतं. शेवटी ते एवढंच बोलले:

“मी आयुष्यात दोन कामं केली. पाण्याला वाट करून दिली, ते पहिलं. त्याची वाट अडवली, ते दुसरं. पाटी लावायचीच असेल तर पहिल्याला लावा.”

विसर्जनासाठी बागेत हौद बांधायचा आणि एक पावसाळा नदी मोकळी ठेवून बघायची, असं ठरलं. भिंतीचा विषय मिटला नाही, भाद्रपदापर्यंत पुढे गेला. काही दिसलं नाही तर भिंत होणार होती.

फळ्या नीळकंठरावांनी स्वतः काढल्या. दिवसाला एक, वरून खाली. परीक्षित पहार घेऊन मदतीला येई. लाकूड इतकं फुगलं होतं की प्रत्येक फळी त्यांच्याच कारागिरीशी भांडून निघाली. नववी निघाली तेव्हा मागे राहिला नुसता काळा चिखल. वास सुटला. फिरायला येणारे लोक नाकाला रुमाल लावून परत जाऊ लागले. काही जण नीळकंठरावांशी बोलेनासे झाले. ते रोज सकाळी जाऊन चिखलाकडे बघून येत. उन्हाळ्यात तो तडकला. आषाढात नदी दुथडी भरून आली आणि पंधरा दिवस काठाजवळ जाता येईना.

गौरींच्या दिवशी पाणी उतरलं होतं. नलिनीबाई ताम्हन घेऊन निघाल्या. एरवी एक क्षण गप्प न बसणारी ही बाई नदीत पाय ठेवल्यापासून मुकी झाली. नीळकंठराव काठावर उभे राहिले. पहिल्यांदा आवाज आला. दगडांवरून जाणाऱ्या पाण्याचा, वरच्यासारखाच, जरा कच्चा. दगड उघडे पडले होते, धुतलेले.

नलिनीबाईंनी एक खडा उचलला, दुसरा उचलला. सहा झाले. सातव्यासाठी त्या वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग मागे न बघता त्यांनी डावा हात हलवून नवऱ्याला बोलावलं.

ते पाण्यात उतरून शेजारी गेले. नलिनीबाईंच्या ओंजळीत पाणी होतं, पाण्यात खडा होता आणि खड्याला पोटाने धरून, शेपूट न हलवता, करंगळीच्या नखाएवढा मळ्या बसला होता. पाठीवर हलकासा चढ, मग लांब उतार. एवढ्याशा अंगातही तो उतार पुरा बसला होता.

नलिनीबाईंचे ओठ काहीतरी म्हणायला हलले, पण त्या बोलल्या नाहीत. त्यांनी तो खडा होता तिथेच, होता तसाच ठेवला आणि दुसरा घेतला.

घरी येईपर्यंत दोघंही गप्प होते. नीळकंठरावांना बोलायला बंदी नव्हती, तरीही. सात खडे पाटावर मांडून झाले, हळदकुंकू वाहून झालं, तेव्हा नलिनीबाईंनी तोंड उघडलं.

“अहो, परीक्षितला फोन करा,” त्या म्हणाल्या. “म्हणावं, नदीवर येऊन बघून जा. पण हात धुऊन ये.”