ग्रॅनाइटची गाडी

माझा थोरला भाऊ मोरेश्वर खोलीत शिरण्याआधी त्याचे अत्तर शिरते. वैशाखाच्या दुपारी तापलेल्या डांबरावर जशी हवा थरथरत राहते, तसा तो दर्प त्याच्या अंगाभोवती थरथरत असतो. गोड, उष्ण आणि निर्लज्ज. मागून पांढऱ्या बुटांची करकर येते आणि मग मनगटातल्या जाड कड्याचा खणखणाट, कारण ज्या वस्तूपाशी तो उभा राहील तिच्यावर कड्याने दोन टोले हाणल्याशिवाय ती आपली झाली असे त्याला वाटत नाही. करंजाड्याची आमची भातखाचरे बुजली, तिथे आखीव रस्ते आणि वाहत्या नळांच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हापासून गाव त्याला मोरूशेठ म्हणते. मी पनवेलच्या कॉलेजात मराठी शिकवते आणि त्याला दादा म्हणते. पण त्या शब्दातला आदर केव्हाच झिजला, आता तो निव्वळ हाक मारण्याच्या सोयीचा उरला आहे.

तिरस्कार मला घरातून मिळालेला नाही. माझ्या आईवडिलांना कुणाचा तिरस्कार करायला सवडच नव्हती. पावसाळाभर भात, आणि पाऊस सरला की सुक्या मासळीचा धंदा. वडिलांनी लष्कराच्या लिलावात निघालेला एक बुटका, गोल नाकाचा ट्रक घेतला होता. उरणच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या होडीच्या सागवानी फळ्या आणून त्यांनी स्वतःच्या हातांनी त्या ट्रकच्या पाठीवर एक खोली बांधली. भिंतीला साखळ्यांनी टांगलेली खाट, कोपऱ्यात स्टोव्हसाठी पत्र्याचा कोनाडा, मागच्या अंगाला हातभर खिडकी. एवढाच तिचा पसारा. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत ते दोघे त्या खोलीत राहत, टपावर बोंबील आणि सुकटीच्या गोण्या बांधून बोरघाट चढत, मावळातले आठवडी बाजार करत. शाळेसाठी आत्याकडे ठेवलेली आम्ही भावंडेही नाताळच्या सुट्टीत गाडीत असायचो. दवाने फळ्या ओलावल्या की त्यांच्यातून समुद्राचा जुना श्वास बाहेर पडे, आणि ऐन डोंगरात असूनही आपण भरतीच्या काठाशी निजलो आहोत असे वाटे. खाटेवर पाय सोडून बसलेल्या आईच्या चेहऱ्यावर खिडकीतून सरकत जाणारी झाडांची सावली मला आजही दिसते. तिच्या आयुष्यात तिला मालकिणीसारखे बसता आले ते तेवढ्या एका खाटेवर.

मोरेश्वरला तो वास सोसत नसे. सुट्टी लागायच्या दिवशी गाडी आम्हाला घेऊन शाळेवरून निघाली की पोरे ‘सुकट आली’ म्हणून ओरडत आणि हा दप्तर डोक्यावर घेऊन खाली वाकून बसे. पुढे तर त्याने येणेच सोडले; सुट्टीतही तो आत्याकडेच राही. कोवळ्या वयात लाज वाटावी यात मी त्याचा दोष मानत नाही. पण ज्याची लाज वाटली त्याचीच पुढे आरास मांडावी, आणि मधल्या लाजेचा मागमूसही स्वतःच्या मनात उरू देऊ नये, ही किमया फार थोड्यांना साधते. माझ्या भावाला ती साधली.

वडील गेले तशी गाडी थांबली. पळस्प्याला, गोव्याचा रस्ता फुटतो तिथल्या एका ओळखीच्या गॅरेजमागे, चिंचेच्या झाडाखाली ती अनेक वर्षे उभी होती. एक दिवस मोरेश्वर कुणा बिल्डर मित्राच्या घरच्या लग्नाला गेला. वरातीला जुनी मोटार आणली होती, आणि पाहुणे नवऱ्या मुलाला सोडून तिच्याभोवती जमले होते. ते दृश्य त्याच्या काळजात रुतले. घरी येताच त्याने मला फोन केला.

“सुले, आपल्याकडं पन विंटेज हाय गो!”

वडिलांच्या गाडीला त्याने ठेवलेले हे पहिले लाडके नाव. आणि तेही उसने.

आई तेव्हा त्याच्याच बंगल्यात, मागच्या खोलीत राहायची. गाडी दुरुस्त होणार हे ऐकून ती ओसरीवर येऊन बसली. आईचे वय मला नेहमी हिवाळ्यातल्या उन्हासारखे वाटे, उतरत चाललेले पण बोचरे नव्हे. त्या दिवशी त्या उन्हाला अचानक रंग चढला.

“मना देशावर नेशील?” तिने विचारले. “तारीला बगाचा हाय.”

तारी म्हणजे ताराबाई. मावळातल्या एका बाजारात ती मडकी विकायची आणि आमच्या गोण्यांशेजारी तिचे दुकान असायचे. वडील गेले, धंदा सुटला, आणि दोघींची गाठ पडेनाशी झाली. पत्र लिहिणे दोघींनाही येत नव्हते.

“नेनार म्हंजे काय? तुज्यासाठीच तं करतंय सगला,” मोरेश्वर म्हणाला, आणि समोर बसलेल्या चार माणसांकडे पाहून डोळे पुसल्यासारखे केले.

वाशीहून एक इंटिरिअर डिझायनर आला. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, “जुनं सगळं काढू या. फक्त सोल ठेवू.” तो आत्मा नेमका कुठे असतो हे त्याने सांगितले नाही. आठवड्याभराने मी गेले तेव्हा होडीच्या फळ्या मजुरांच्या भाताच्या टोपाखाली जळत होत्या. वर्षानुवर्षे मीठ प्यायलेले ते लाकूड. त्याच्या ज्वाळेला हिरवट निळी कड होती, खाडीवर सांजेला कधी कधी दिसते तशी.

“दादा, बाबांनी हाताने बसवल्या होत्या त्या.”

“किडलेल्या व्हत्या. वास मारत व्हत्या,” तो म्हणाला, आणि कडे ट्रकच्या पत्र्यावर आपटून पुढे गेला.

पुढचे दोन महिने माझा भाऊ सर्जनाच्या धुंदीत होता. त्याच्या इमारतींच्या जिन्यांतून उरलेला काळा ग्रॅनाइट खोलीत अंथरला गेला. छताला प्लॅस्टरचे कमळ आले, कमळातून काचेचे झुंबर लोंबू लागले. साखळ्यांची खाट जाऊन पांढरा सोफा आला आणि तो मळू नये म्हणून त्यावरचे प्लॅस्टिक तसेच राहिले. खिडकी बुजवून तिथे टीव्ही बसला. फ्रिज, आरसा, पाण्याची टाकी, जनरेटर. एका म्हाताऱ्या ट्रकच्या पाठीवर माझ्या भावाने स्वतःची सगळी हौस चढवली. सर्वांत शेवटी स्ट्रॉबेरीच्या वासाची डबी लावली गेली. बाहेरून गाडीला वाइनचा रंग, त्यावर सोनेरी अक्षरे.

“काय लिवलाय गो?” आईने मला विचारले.

“आईची पुण्याई.”

“माजा नाव नाय?”

“नाही.”

तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवले, रंग ओला आहे की काय हे पाहावे तसे.

माघातल्या एका निरभ्र सकाळी गाडी निघाली. नारळ फुटला, फोटोग्राफर चहूबाजूंनी फिरला, मागे मित्रांच्या दोन मोटारी सज्ज झाल्या. आई इस्त्रीचे नऊवारी लुगडे नेसून आली. हातात जुन्या धोतरात बांधलेले गाठोडे होते, तारीसाठी बोंबील.

“आये, ह्यो वास आत नको,” मोरेश्वर म्हणाला. मित्रांच्या मोटारींनीही ते गाठोडे नाकारले. अखेर ड्रायव्हरने ते टपावर बांधले. आई मान वर करून बघत राहिली, आणि मग माझा हात धरून आत चढली.

आयुष्यभर तोंडपाठ असलेला रस्ता तिने त्या दिवशी आंधळेपणाने कापला. प्रत्येक वळणाला आम्ही दोघी प्लॅस्टिकवरून घसरत होतो. समोर टीव्हीवर कुणीतरी नाचत होते. “आता कुठं आलो गो?” ती दर थोड्या वेळाने विचारी, आणि मला सांगता येत नसे. पूर्वी ती वळणावरून गाव ओळखायची. वाऱ्यावरून खोपोली ओळखायची. आता तिच्या भोवती वाराच नव्हता, गार, गोड, कुठलाच नसलेला एक वास होता.

घाट सुरू झाला तसा ट्रक कण्हू लागला. शिंग्रोबाच्या देवळाअलीकडच्या चढावर त्याने एक दीर्घ उसासा टाकला आणि तो थांबला. मग वीतभर मागे सरकला. झुंबर किणकिणले. बाहेर चाकांखाली दगड लावण्याची धावपळ झाली. आम्ही खाली उतरलो तेव्हा गोल नाकातून वाफ उसळत होती. ज्या पाठीने सुकटीच्या गोण्या हसत वाहिल्या, ती ग्रॅनाइटखाली वाकली होती.

“आये, तू आत बस. क्रेन येतेय,” मोरेश्वर म्हणाला. “एसी चालू हाय.”

आईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. ती ड्रायव्हरला म्हणाली, “माजा गाठोडा खाली काढ.” गाठोडे काखेत घेऊन ती रस्त्याच्या कडेला गेली. मुंबईत भाजी टाकून रिकामा परतणारा एक टेम्पो वर येत होता. तिने हात केला, बाजाराच्या बायका करतात तसा, विनवणी नसलेला, सरळ. टेम्पो थांबला.

मोरेश्वर धावत आला. “आये, लोकं बगतान. माजी काय इज्जत हाय का नाय?”

“तुजी इज्जत तू सांबाल,” आई म्हणाली. “मी तारीला बगाला चाललंय.”

तिने पायरीवर पाय ठेवला आणि त्याने तिच्या पदराचे टोक धरले. एवढा थोरला माणूस, आणि हात मात्र शाळेच्या फाटकाशी आईला जाऊ न देणाऱ्या मुलाचा. “आये, मना सोरून नको जाव,” तो हळूच म्हणाला. एका क्षणापुरते मला त्याच्याबद्दल काहीतरी वाटले. नाव देण्याआधीच ते विरले, कारण त्याचा फोन वाजला. पदर सोडून तो फोनवर हसला. “हां शेठ, काय नाय, छोटा टेक्निकल इश्यू. आईसोबत मस्त एन्जॉय चाललाय.”

मी आईच्या मागोमाग चढले. टेम्पोच्या काचा फुटक्या होत्या आणि घाटाचा वारा सरळ तोंडावर येत होता. आईच्या केसांच्या बटा सुटल्या. वळणावळणाला ती एकेका जागेचे नाव घेत होती, इथे बाबांनी टायर बदलला, इथे तुला ताप भरला होता. तिला इतके बोलताना मी कितीतरी वर्षांत ऐकले नव्हते. ड्रायव्हरने विचारले, “आजी, पोरगा का खाली राहिला?” आई म्हणाली, “त्याची गाडी जड हाय.”

बाजाराचा दिवस नव्हता. विचारत विचारत आम्ही ताराबाईच्या घरी पोचलो. ती अंगणात उन्हाला बसली होती. दोन्ही डोळ्यांत पांढरे धुके. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काहीच बोलेना. ताराबाईने मान उचलली, हवा हुंगली, आणि तिचा सुरकुतलेला चेहरा कोवळा झाला.

“द्वारके,” ती म्हणाली, “किती उशीर केलास गं.”

त्या दोघी एकमेकींचे हात धरून, ऊन सरकेल तशा सरकत, दुपारभर बसून राहिल्या. संध्याकाळच्या एसटीने आम्ही परतलो. आई माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली होती, आणि तिच्या पदराला चुलीचा धूर आणि मासळी यांचा वास येत होता.

त्याच वर्षी, पावसाळा सरता सरता, ती गेली. मोरेश्वरने तेराव्याला ती गाडी दारात उभी केली, तिच्या नाकावर आईचा मोठा फोटो लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले की शेवटची यात्रा आपण आईला या गाडीतून घडवली. लोकांनी माना डोलावल्या. काही थापा इतक्या मन लावून मारलेल्या असतात की त्यांना खोडून काढायला त्यांच्याइतकेच खाली उतरावे लागते.

नंतर ती गाडी विचुंब्याच्या त्याच्या प्लॉटवर धूळ खात पडली. तीनचार वर्षांनी तो माझ्या घरी आला. त्याला आता रिसॉर्ट काढायचे होते, आणि कुणीतरी त्याला सांगितले होते की पाहुण्यांना ग्रॅनाइट आवडत नाही, जुने, अस्सल आवडते.

“तवा गाडीच्या आतमदी कसा व्हता, जरा कागदावर काढून दे,” तो म्हणाला. “डिट्टो तसा करताव.”

“तुला काहीच आठवत नाही?”

तो खूप वेळ माझ्या भिंतीकडे बघत राहिला. आठवण्याचा प्रयत्न करणारा माणूस मी ओळखते. वर्गात रोज पाहते. त्याने खरोखर प्रयत्न केला.

“मी कवा नीट बगलाच नाय, सुले.”

मी कागद घेतला नाही. चहा केला. तो बशीत ओतून त्याने फुरके मारत प्यायला, विमानतळासाठी कुठली टेकडी फोडताहेत ते सांगितले आणि गेला. मी तशीच बसून राहिले. मीही एक दिवस जाईन, आणि त्या फळ्यांच्या आडोशाला एक नवराबायको नि त्यांची पोरे निजत होती हे जाणणारे कुणीच उरणार नाही. काळ माझ्याकडूनही ते सारे काढून घेईल. पण माझ्याकडून त्याला निदान काही काढून घ्यावे लागेल. माझ्या भावाचे हात मात्र काळ पोचण्याआधीच रिकामे आहेत, आणि त्याला वाटते आहे की ते भरलेले आहेत.