गच्चीवरची तेविसावी फीत

शेवटी आत्या गच्चीवरून बोलली. पण ते राहू दे. तसं काही झालेलंच नाही, असं धरून चालू.

झालं ते एवढंच, की शिंप्याच्या गच्चीतल्या टोमॅटोच्या रोपांवर कबुतरं तुटून पडत होती. कॅसेटची फीत ताणून बांधली की वाऱ्यात गुणगुणते आणि पाखरं फिरकत नाहीत, असं बायकोने कुठेतरी ऐकलं होतं. घरात आत्याने स्वतःच्या आवाजात भरलेल्या तेवीस कॅसेटी पडून होत्या. टेपरेकॉर्डर बंदच होता. त्याची मोटर शिंप्याने केव्हाच शिलाई मशीनच्या बॉबिनवर दोरा भरायला लावली होती.

या आत्यानेच त्याला लहानाचं मोठं केलं. शेवटची कॅसेट तिने दवाखान्यात त्याच्यासाठी भरली. त्या दिवशी तो तिला भेटायला गेला नव्हता. दोनशे गणवेशांची घाई होती. मरताना ती त्याच्यावर रागावलेली होती का, हे ऐकायचा धीर त्याला आठ वर्षं झाला नाही. म्हणून त्या कॅसेटवर खूण करून ठेवलेली.

तेविसावी फीत बांधून झाली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की खुणेची कॅसेट मागे उरायला हवी होती.

"खूण कशाने केली होती?" बायकोने विचारलं.

"खडूने."

"कापडावरच्या?"

"हं."

"झटकला की जातो, तो?"

गिऱ्हाइकांना शिंपी वीस वर्षं हेच तर छातीठोकपणे सांगत आला होता.

चारला वारा सुटला. कबुतरं घाबरली नाहीत. कठड्यावर ओळीने बसली, माना एकाच बाजूला कलवून. मग एक फीत खाकरली.

"लाल बटण दाबलंय ना?" आत्याची प्रत्येक कॅसेट अशीच सुरू व्हायची.

बायकोच्या हातातली चादर खाली पडली. "आत्याबाईंना चहा वरच आणू का?" ती हळूच म्हणाली.

"अरे, तू त्या दिवशी आला नाहीस, त्याबद्दल मला एवढंच..."

वारा पडला. कबुतरांनी माना सरळ केल्या आणि सगळ्यांनी मिळून शिंप्याकडे पाहिलं.

तीन आठवडे झाले. वारा जोराचा असला की आत्या चिवचिवते, मंद असला की घोगऱ्या पुरुषी आवाजात रेंगाळते. वाक्य दर वेळी तेवढ्यावरच तुटतं. कबुतरं मात्र रोज चारच्या ठोक्याला हजर.

आज त्याने हवामान खात्याला अर्ज टाकला:

"विषय: चार मिनिटांच्या वाऱ्याबाबत. महोदय, येत्या गुरुवारी दुपारी चार वाजता अर्जदाराच्या गच्चीवर, कॅसेटच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर, मध्ये खंड न पाडता वारा सोडण्यात यावा. कबुतरांना वेगळी सूचना देण्याची आवश्यकता नाही. वाक्य पूर्ण होताच उरलेला वारा खात्यास परत करण्यात येईल."